राष्ट्राध्यक्ष पूर पाहायला गेले नाहीत

नदीला पूर आला आणि दोन दिवसांत पालकमंत्री गुडघाभर पाण्यात उभे दिसले नाहीत, तर आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. 'पंचनामे कधी?' हा पहिला प्रश्न, 'साहेब आहेत कुठे?' हा दुसरा. १९२७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतही हेच दोन प्रश्न विचारले जात होते. साहेब वॉशिंग्टनमध्ये होते. आणि पंचनामे उशिरा होणार होते असं नाही, ते होणारच नव्हते. बुडालेल्या शेताची भरपाई करणं हे केंद्र सरकारचं कामच नाही, अशी राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांची पक्की धारणा होती.

या धारणेला तिकडे 'कॉन्झर्व्हेटिव्ह' म्हणतात. मराठीत आपण त्याचं 'पुराणमतवादी' करून टाकतो आणि घोटाळा होतो, कारण तो शब्द ऐकला की आपल्याला सोवळं-ओवळं आठवतं. इथे त्याचा अर्थ निराळा आहे. सरकारच्या हातात पैसा आणि अधिकार किती असावा, राष्ट्राध्यक्षाने राज्यघटनेने नेमून दिलेलं काम सोडून आणखी कशात हात घालावा की नाही, याबद्दलचं ते मत आहे. भाषणात हे मत छान वाटतं. त्याची परीक्षा होते ती लाखो माणसं छपरांवर बसलेली असताना. म्हणून हे प्रकरण.

आधी नदी

मिसिसिपीत आजच्या ३१ राज्यांचं पाणी उतरतं. १९२६ च्या ऑगस्टपासून वरच्या खोऱ्यात पाऊस थांबायला तयार नव्हता, आणि पुढच्या वसंतापर्यंत सगळ्या उपनद्या एकदमच फुगल्या. नदीच्या दोन्ही काठांना शेकडो मैल मातीचे बांध होते. तिकडे त्यांना लेव्ही म्हणतात. आपल्या शेताचा बांध मनात आणू नका. काही ठिकाणी ही लेव्ही दोन मजली घराइतकी उंच असते आणि तिच्या माथ्यावरून माणसं चालतात. पुराच्या दिवसांत नदी गावाच्या वरून वाहते. खाली रस्ता, घरं, कापसाची शेतं. आणि डोक्याच्या वरच्या पातळीवर पाणी, त्यातून जाणारी आगबोट.

१५ एप्रिल १९२७, गुड फ्रायडे. न्यू ऑर्लिन्सवर अठरा तासांत सुमारे १५ इंच पाऊस पडला. २१ एप्रिलला सकाळी मिसिसिपी राज्यात ग्रीनव्हिल शहराच्या वरच्या अंगाला माउंड्स लँडिंग इथे लेव्हीला भगदाड पडलं. तिथे मजूर रात्रभर वाळूची पोती रचत होते. त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय होते, आणि त्यांनी काम सोडून जाऊ नये म्हणून बंदूकधारी पहारा होता. भगदाड रुंदावत पाऊण मैलापर्यंत गेलं. वाहून गेलेल्या मजुरांचा नेमका आकडा कधीच लागला नाही.

पुढच्या काही आठवड्यांत सुमारे २७ हजार चौरस मैल जमीन पाण्याखाली गेली. महाराष्ट्राचा पाव भाग धरा, त्याहून थोडी कमी. सहा लाखांहून जास्त माणसांची घरं बुडाली. मृतांचा अधिकृत आकडा २४६. तो कमी आहे यावर जवळपास सगळ्यांचं एकमत आहे, कारण कापसाच्या शेतात बटईने राबणाऱ्या कुटुंबांची मोजदाद जिवंतपणीच धड होत नव्हती.

साहेब कोण होते

कूलिज हे व्हरमाँटमधल्या प्लिमथ नॉच नावाच्या खेड्यातले. उपराष्ट्राध्यक्ष असताना ते वडिलांच्या घरी सुट्टीवर गेले होते, तेव्हा राष्ट्राध्यक्ष हार्डिंग वारल्याची बातमी मध्यरात्री आली. वडील नोटरी होते. पहाटे पावणेतीनच्या सुमारास, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, बापाने मुलाला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली. तारीख ३ ऑगस्ट १९२३. हा माणूस किती कमी बोलायचा याचे किस्से इतके आहेत की त्यातले खरे कोणते, हे आता सांगणं कठीण. पण १९१० साली राज्याच्या सिनेटमध्ये निवडून आलेल्या वडिलांना त्यांनी पत्रात लिहिलं होतं की चांगली विधेयकं मंजूर करण्यापेक्षा वाईट विधेयकं मारणं जास्त महत्त्वाचं असतं. त्यांचं राजकारण या एका वाक्यात मावतं.

खर्च कापणं हा त्यांचा ध्यास होता. अंदाजपत्रक विभागाच्या प्रमुखाबरोबर बसून ते बारीकसारीक खर्चाचा हिशेब बघत. पहिल्या महायुद्धाने वाढवलेलं केंद्राचं कर्ज १९२३ मध्ये सुमारे २२ अब्ज डॉलर होतं, ते पायउतार होईपर्यंत १७ अब्जांच्या आसपास आलं. आयकराचा वरचा दर २५ टक्क्यांवर आणला. शेतमालाचे भाव सरकारने उचलून धरावेत असं विधेयक काँग्रेसने, म्हणजे त्यांच्या संसदेने, दोनदा मंजूर केलं आणि दोन्ही वेळा कूलिजनी नकाराधिकार वापरला. पहिला नकार फेब्रुवारी १९२७ चा, म्हणजे पुराच्या जेमतेम दोन महिने आधीचा.

मात्र त्यांना 'काहीच न करणारा' म्हणणं चूक आहे. १९१९ साली ते मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखे, होते. बोस्टनच्या पोलिसांनी संप केला आणि शहरात लुटालूट झाली. कूलिजनी राज्याचं सैन्य उतरवलं आणि कामगार पुढारी सॅम्युएल गॉम्पर्स यांना तार केली: सार्वजनिक सुरक्षेविरुद्ध संप करण्याचा हक्क कोणालाही, कुठेही, केव्हाही नाही. या तारेने ते देशभर गाजले. रस्त्यावर सुरक्षितता राखणं हे सरकारचं काम, म्हणून तिथे सगळं बळ लावायचं. जे सरकारचं काम नाही, तिथे हात मागे घ्यायचा. रोनाल्ड रेगन यांनी १९८१ मध्ये व्हाइट हाउसच्या मंत्रिमंडळ कक्षात कूलिज यांचं चित्र लावलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संपावर गेलेल्या अकरा हजारांहून जास्त हवाई वाहतूक नियंत्रकांना घरी पाठवलं, ते उगाच नव्हे.

एप्रिल ते डिसेंबर

या प्रकरणातली सगळ्यात कळीची गोष्ट कॅलेंडरमध्ये दडलेली आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. जुनी काँग्रेस ४ मार्च १९२७ ला संपली होती. नव्या काँग्रेसचं पहिलं अधिवेशन थेट डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी भरणार होतं. हा विचित्र खंड त्या काळच्या घटनेतच होता. १९३३ च्या विसाव्या घटनादुरुस्तीने तो गेला. काँग्रेसच्या मंजुरीशिवाय तिजोरीतून पैसा निघत नाही. म्हणजे पूरग्रस्तांना केंद्राचा पैसा द्यायचा तर एकच वाट होती, राष्ट्राध्यक्षाने विशेष अधिवेशन बोलावायचं. 'असाधारण प्रसंगी' तसं करण्याचा अधिकार घटनेने त्यांना दिलेला आहे.

दक्षिणेतले गव्हर्नर, सिनेटर, वर्तमानपत्रं, सगळे त्यांच्या मागे लागले: अधिवेशन बोलवा, निदान एकदा येऊन पाहून तरी जा. कूलिजनी दोन्ही केलं नाही.

मग केलं काय? भगदाड पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, २२ एप्रिलला, मंत्र्यांची एक समिती नेमली आणि वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूव्हर यांना तिचं प्रमुख केलं. रेडक्रॉसचे पदसिद्ध अध्यक्ष म्हणून देणग्यांचं आवाहन केलं, पुरेना तेव्हा पुन्हा केलं. लष्कर, नौदल आणि तटरक्षक दलाच्या बोटी, तंबू, विमानं कामाला लावली. हे सगळं आधीच मंजूर झालेल्या खर्चात बसणारं होतं. रेल्वे कंपन्यांनी निर्वासितांना फुकट नेलं आणि मालगाडीचे डबे राहायला दिले. हूव्हर मेम्फिसला ठाण मांडून बसले, रेल्वेच्या डब्यातून खोरं पालथं घातलं, रेडिओवरून देशाशी बोलले. रेडक्रॉसच्या १५४ छावण्यांमध्ये सव्वातीन लाख माणसं राहिली आणि जवळपास तितक्याच लोकांना छावणीबाहेर शिधा मिळाला. देणग्या सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर जमल्या.

या कामाला नावं ठेवणं अवघड आहे. लोकांनी स्वेच्छेने दिलेल्या पैशावर, केंद्राचं नवं खातं न उघडता, सहा लाख माणसांना महिनोन्‌महिने जेवू घालणं ही साधी गोष्ट नाही. छोट्या सरकारचा पुरस्कार करणारे हे उदाहरण आजही देतात, आणि त्यांना ते देण्याचा हक्क आहे.

पण जरा भागाकार करून बघा. १ कोटी ७० लाख भागिले सहा लाख म्हणजे माणशी तीस डॉलरच्या आत. त्यात तंबू, जेवण, लस आणि परत जाताना थोडं बियाणं, थोडं सामान. गेलेलं घर, गेलेलं खेचर, बुडालेला हंगाम यासाठी हूव्हरनी उद्योजकांकडून कर्जनिधी उभे करायचा प्रयत्न केला, त्यातून फारसं काही हाती लागलं नाही. आणि त्याच आर्थिक वर्षात केंद्राच्या तिजोरीत एक अब्ज डॉलरहून जास्त शिल्लक पडली होती. दक्षिणेतल्या माणसाला ही शिल्लक दिसत होती.

उन्हाळ्यात कूलिज सुट्टीवर गेले, तेही साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्समध्ये. तिथे ते ट्राउट मासे पकडायचे, गळाला गांडूळ लावून. माशीसारखं आमिष वापरणाऱ्या खानदानी गळवाल्यांनी नाकं मुरडली आणि त्यावरही बातम्या झाल्या. २ ऑगस्टला रॅपिड सिटीत एका शाळेच्या खोलीत त्यांनी वार्ताहरांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातात कागदाची एकेक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर एकच ओळ: १९२८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहणं मी पसंत करत नाही. प्रश्नांना उत्तरं नाहीत. सत्तेचा मोह नसणं हाही त्यांच्या मतात नेतृत्वाचाच भाग होता. मिसिसिपीचा पूरग्रस्त मात्र एवढंच म्हणाला असेल की साउथ डकोटापर्यंत गाडी जाते, ग्रीनव्हिलला जात नाही.

न जाण्याचं कारण त्यांनी सविस्तर कधी सांगितलं नाही. मला जे वाटतं ते सांगतो. राष्ट्राध्यक्ष चिखलात उभा राहिला, म्हाताऱ्या बाईने त्याचा हात धरला, फोटो निघाला, की तिजोरीचं दार अर्धं उघडलंच. पुढे फक्त आकडा ठरायचा राहतो. हे कूलिजना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. दौऱ्याला गेलेल्या नेत्याला 'नाही' म्हणता येत नाही, हे आपल्या बांधावरच्या दौऱ्यांवरूनही कोणीही सांगेल. काही चरित्रकार दुसरं कारण देतात: १९२४ मध्ये त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा टेनिस खेळताना पायाला आलेल्या फोडाचं विष अंगात भिनून गेला, आणि नंतर हा माणूस पूर्वीचा राहिला नाही. दोन्ही कारणं एकत्र खरी असू शकतात.

६ डिसेंबर १९२७ च्या वार्षिक संदेशात मात्र त्यांनी भूमिका स्पष्ट मांडली. पंचमहाभूतांच्या धोक्यापासून नागरिकांचा विमा उतरवणारी संस्था म्हणजे सरकार नव्हे, असं त्यात म्हटलं आहे. पूर, दुष्काळ, भूकंप, वादळ, वीज हे येतच राहणार. त्यातल्या नुकसानीची भरपाई सरकार करत नाही. लोक इथेच थांबून त्यांना दगडाच्या काळजाचा ठरवतात. पण पुढचंच वाक्य असं की सार्वजनिक बांधकामं पुन्हा उभी करणं आणि संकटातल्या नागरिकांना माणुसकीच्या नात्याने दिलासा देणं ही जबाबदारी सरकारवर आहे. म्हणजे रेघ कुठे ओढली ते पाहा. भुकेल्याला जेवण, हो. वाहून गेलेला पूल, हो. तुझ्या घराची आणि पिकाची किंमत, नाही.

ही रेघ त्यांनी एकट्याने ओढलेली नव्हती. १८८७ मध्ये टेक्सासातल्या दुष्काळी शेतकऱ्यांना बियाण्यासाठी फक्त १० हजार डॉलर देणारं विधेयक ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी फेटाळलं होतं. जनतेने सरकारला पोसावं, सरकारने जनतेला पोसू नये, हे त्यांचं म्हणणं. क्लीव्हलँड तर विरुद्ध पक्षाचे, डेमोक्रॅट. अर्थात उलटे दाखलेही होते. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर काँग्रेसने २५ लाख डॉलर दिले होते आणि आकाश काही कोसळलं नव्हतं.

व्हरमाँट

टीकाकार म्हणत होते की दक्षिण डेमोक्रॅटांची, तिथे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाला मतं नाहीत, म्हणून हा माणूस फिरकत नाही. नोव्हेंबर १९२७ मध्ये या आरोपाची तपासणी आपोआपच झाली. ३ आणि ४ नोव्हेंबरला व्हरमाँटमध्ये प्रचंड पाऊस झाला. ८४ माणसं गेली. राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर हॉलिस्टर जॅक्सन स्वतः बॅरी गावात ओढ्यात वाहून गेले. हजाराहून जास्त पूल मोडले. हे कूलिज यांचं जन्मगाव ज्या राज्यात, ते राज्य. आईवडिलांच्या, मुलाच्या समाध्या तिथल्या. पक्ष रिपब्लिकन, गडगंज बहुमताने.

कूलिज तिथेही गेले नाहीत.

गेले ते जवळपास वर्षभराने. २१ सप्टेंबर १९२८ ला बेनिंग्टन स्टेशनात गाडीच्या मागच्या सज्ज्यात उभं राहून ते आयत्या वेळी थोडं बोलले. आपल्याकडच्या डोंगरांची नावं घेतली, इथल्या माणसांनी स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं पाहिलं असं म्हणाले, आणि 'शूर, चिमुकलं व्हरमाँट' हे शब्द वापरले. तिकडे ते भाषण शाळेच्या पोरांनाही माहीत असतं. न बोलणाऱ्या माणसाचा गळा त्या दिवशी दाटला होता म्हणतात. मला या प्रकरणात त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो इथे. नियम परक्याला लावणं सोपं असतं. घरच्याला तोच लावणारे फार थोडे.

मला कुठे अडतं

दोन ठिकाणी. पहिलं ग्रीनव्हिल.

मदतीचं काम स्थानिकांच्या हाती असावं, केंद्राने नुसता समन्वय करावा, हे छोट्या सरकारच्या विचाराचं हृदय आहे. गावाला गावाची गरज कळते. कबूल. पण १९२७ च्या मिसिसिपी डेल्टात, म्हणजे ग्रीनव्हिलच्या आसपासच्या कापूसपट्ट्यात, 'स्थानिक' म्हणजे कोण? कापसाचे मळेवाले. शहर बुडालं तेव्हा हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं लेव्हीच्या अरुंद माथ्यावर येऊन बसली होती. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला बुडालेलं गाव, मध्ये काही फुटांची ओली माती. स्थानिक मदत समितीचे प्रमुख विल्यम अलेक्झांडर पर्सी यांनी सगळ्यांना बोटींनी हलवायचं ठरवलं होतं. बोटी आल्याही. गोऱ्या बायका-मुलांना घेऊन त्या बहुतांशी रिकाम्याच परतल्या. मळेवाल्यांना, आणि त्यात पर्सींचे वडील, माजी सिनेटर लिरॉय पर्सी हेही होते, भीती होती की मजूर एकदा गेला की कापूस वेचायला परत येणार नाही. मग लेव्हीवर छावणी, नॅशनल गार्डचा, म्हणजे राज्याच्या सैन्याचा, पहारा, कपड्यावर बिल्ला, आणि काम केलं तर शिधा. जुलैत, रात्रभर राबून आलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाने पुन्हा कामावर जायला नकार दिला म्हणून पोलिसाने त्याला गोळी घातली.

तक्रारी वाढल्या तेव्हा हूव्हरनी टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे रॉबर्ट मोटन यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीय सल्लागार मंडळ नेमलं. मंडळाने जे पाहिलं ते पूर्ण बाहेर येणार नाही याची काळजी घेतली गेली, कारण हूव्हरना १९२८ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक दिसत होती. ती त्यांनी ५३१ पैकी ४४४ निर्वाचक मतांनी जिंकली, आणि त्यात पुराच्या कीर्तीचा वाटा मोठा होता. डेल्टातली कृष्णवर्णीय माणसं मात्र तेवढं सोसून, गाव सोडून, उत्तरेतल्या शिकागोच्या गाड्या पकडत राहिली.

न्यू ऑर्लिन्सच्या खाली कार्नार्व्हन इथे झालं तेही याच जातीचं. शहरातल्या बँकवाल्यांनी गव्हर्नरला पटवलं की खालची लेव्ही सुरुंगाने उडवली तर शहर वाचेल. केंद्राच्या अभियंत्यांनी हरकत घेतली नाही. २९ एप्रिलला ती उडवली. सेंट बर्नार्ड आणि प्लॅकमिन्स हे दोन भाग मुद्दाम बुडवले गेले. तिथे राहणाऱ्या, मस्कऱ्हॅट हा पाणउंदरासारखा प्राणी पकडून पोट भरणाऱ्या लोकांना पूर्ण भरपाईचा शब्द दिला होता. हातात पडलं ते फारच थोडं. आणि वर नदीने लगेचच दुसरीकडे बांध फोडले, त्यामुळे हा सुरुंग लावलाच नसता तरी चाललं असतं असं नंतर दिसून आलं. इथे तर 'पंचमहाभूतांचा धोका' म्हणायचीही सोय नाही.

स्थानिक स्वायत्तता तेव्हाच न्यायाची ठरते, जेव्हा स्थानिक दुबळ्याला वर दाद मागायची जागा असते. सार्वजनिक सुरक्षेसाठी बोस्टनमध्ये सैन्य उतरवणाऱ्या माणसाला ग्रीनव्हिलच्या लेव्हीवर सुरक्षेचा प्रश्न दिसायला हवा होता. त्यासाठी तिजोरीतला एक डॉलरही लागला नसता. माझी तक्रार त्यांच्या तत्त्वाविरुद्ध नाही, ते तत्त्व अर्ध्यावर सोडल्याविरुद्ध आहे.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. लेव्ही बांधल्या कोणी? १८७९ मध्ये काँग्रेसने मिसिसिपी नदी आयोग नेमला. पुढची कित्येक वर्षं लष्कराच्या अभियंत्यांचं धोरण एकच होतं: फक्त लेव्ही. पाणी बाजूला वळवणाऱ्या वाटा नकोत, नैसर्गिक फाटे बंद करा, नदी कोंडली की ती स्वतःचं पात्र खोल करेल. जेम्स ईड्ससारख्या नामांकित अभियंत्याचंही याबाबत वेगळं मत होतं, आणि कोंडलेलं पाणी वर चढेल हा इशारा जुनाच होता. १९२६ च्या अहवालात अभियंत्यांच्या प्रमुखांनी लेव्ही आता पुराचा विध्वंस रोखण्याच्या स्थितीत आल्याचा निर्वाळा दिला. त्या भरवशावर लोकांनी काठाला शेतं घेतली, घरं बांधली, बँकांनी कर्जं दिली. पुढच्या वर्षी माउंड्स लँडिंग.

ज्या पुराला केंद्राच्या धोरणाने उंची दिली, त्याच्यापुढे 'आम्ही विमा उतरवलेला नाही' हे वाक्य कसं टिकायचं? ठेकेदाराने बांधलेली भिंत पडली तर तो वाऱ्याकडे बोट दाखवू शकत नाही. कूलिज यांचा नियम व्हरमाँटला चपखल बसतो, कारण तिथला पाऊस हा पाऊसच होता. मिसिसिपीवर तोच नियम लावताना त्यांनी दोन वेगळे पूर एका मापाने मोजले.

शेवटी कायदा

डिसेंबरात काँग्रेस भरली आणि पूरनियंत्रणाची विधेयकं घेऊन दक्षिणेचे सदस्य उभे राहिले. कूलिज यांच्याकडे अभियंत्यांचे प्रमुख एडगर जॅडविन यांची सुमारे ३० कोटी डॉलरची योजना होती: लेव्ही उंच करा, पण पुराचं जादा पाणी सोडायला सांडवे आणि मोकळी पात्रंही ठेवा. म्हणजे 'फक्त लेव्ही' हे धोरण निमूटपणे पुरलं गेलं. कूलिज यांचा आग्रह एवढाच होता की खर्चात लाभधारक राज्यांनी वाटा उचलावा. ज्याची जमीन वाचणार त्याने काही तरी द्यावं, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याच्या पैशाने बांध मागेल. मुद्दा खोटा नव्हता. पुढच्या शतकभरात अमेरिकेच्या प्रत्येक नदीवर कोणी ना कोणी तसं मागितलंच.

काँग्रेसने तडजोड काढली, आणि तिचे शब्द मजेदार आहेत. स्थानिक वाट्याचं तत्त्व योग्य आहे, असं कायद्यातच लिहिलं. पण या लोकांनी आजवर सुमारे २९ कोटी २० लाख डॉलर खर्च केलेत, तेव्हा आता आणखी मागायचे नाहीत, असंही लिहिलं. तत्त्व राहिलं कागदावर, बिल गेलं केंद्राकडे. खर्चाची मर्यादा ३२ कोटी ५० लाख डॉलर. १५ मे १९२८ ला कूलिजनी कुरकुरत सही केली. वाईट विधेयकं मारण्यात हयात गेलेल्या माणसाने केंद्र सरकारचा पसारा कायमचा वाढवणारा कायदा असा स्वतःच्या हाताने पुस्तकात घातला.

त्या कायद्याने उभी राहिलेली व्यवस्था चालली. न्यू ऑर्लिन्सच्या वर बॉने कॅरी सांडवा झाला आणि १९३७ च्या पुरात पहिल्यांदा उघडला. २०११ च्या महापुरात मिझुरीतली मोकळी पात्रं सुरुंगाने उघडावी लागली, पण मुख्य लेव्हींनी दगा दिला नाही.

आणि याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक वाक्य आहे, ज्याकडे १९२८ मध्ये फारसं कोणी पाहिलं नाही: पुरामुळे किंवा पुराच्या पाण्यामुळे कुठेही झालेल्या नुकसानीबद्दल अमेरिकेच्या सरकारवर कोणतंही दायित्व राहणार नाही. बांधकाम सगळं केंद्राचं, नुकसान ज्याचं त्याचं. २००५ मध्ये कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्समधल्या कालव्यांच्या भिंती फुटल्या, शहर बुडालं, आणि लोकांनी लष्कराच्या अभियंत्यांवर दावे लावले. २००८ मध्ये तिथल्या केंद्रीय न्यायाधीशांनी अभियंत्यांच्या कामावर कठोर ताशेरे ओढले आणि मग, याच वाक्याने हात बांधले असल्याचं सांगत, दावे काढून टाकले.